एकतीस नंबरचा राकस

मोरी माशाच्या तेलाचा वास साबणाने जात नाही. लिंबानेही जात नाही. तीन दिवसांनी तो आपोआप जातो, आणि मग थोडं चुकल्यासारखं होतं.

*

पुण्याची गाडी, तिठ्यावर : पावणेचार.

*

"दामुदेरे-सान, तुमच्याकडे पाऊस कसा आहे? सोबत सतरा नंबर पाठवतो आहे. याचं डोकं घुबडाचं आणि पाय रेल्वे इंजिनाचे आहेत. सिनेमा अतिशय वाईट होता. मी तो चार वेळा पाहिला."

*

कस्टम्सचा फॉर्म. वस्तूचं वर्णन : छापील पुठ्ठा. वापर : काही नाही.

*

शेणाने सारवलेल्या जमिनीवर पुठ्ठा आपटला तर नुसता धप्प आवाज येतो. लादीवर आपटला तर कुणीतरी कुणाच्या तरी मुस्काटात मारल्यासारखा.

*

माझं आडनाव ढमढेरे आहे. जपानी माणसाला ते म्हणता येत नाही. त्यात त्याची चूक नाही.

*

"खरो डाव खेळतलंस की खोटो?"

द्वारकामावशींनी हे विचारलं तेव्हा मला त्यांच्या पडवीत येऊन दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. एका हातात चहा, दुसऱ्या हातात खाजं, मांडीवर अल्बम. नोव्हेंबर २०११, शनिवार सकाळ. पुणे ते वेंगुर्ला एसटी, पुढे रिक्षा, पुढे एका माडाच्या बागेतून चालत.

"म्हणजे काय, मावशी?"

"म्हणजे खोटो आसलो तर ज्याचो राकस तेका परत. खरो आसलो तर जिकात तेचो."

"मी खेळायला नाही आले हो. मी फक्त बघायला आलेय."

"बघूक काय हा तेच्यात? राकस काय देव हा, लांबसून हात जोडूक?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी खरंच विचारलं होतं.

*

आता राकस म्हणजे काय ते सांगते.

साठच्या दशकात जपानमध्ये राक्षसांच्या सिनेमांचं पीक आलं होतं. त्या राक्षसांची चित्रं छापलेले जाड पुठ्ठ्याचे पत्ते गोळ्या-बिस्किटांच्या दुकानांत मिळायचे. पुढे राक्षस, मागे नंबर आणि दगड, कागद, कात्री यांपैकी एक खूण. मुलं ते जमिनीवर मांडायची आणि दुसरा पत्ता त्याच्या शेजारी जोरात आपटायची. वाऱ्याने खालचा उलटला की तो आपला. या पत्त्यांना मेन्को म्हणतात. आज ते जमवणारे लोक जगभर आहेत आणि त्यातला एकही ते आपटत नाही.

मी जमवणाऱ्यांतली. चाकणच्या एका कारखान्यात मी दुभाषी होते. ओसाकाहून निशिओ-सान नावाचे एक तपासणी इंजिनिअर दोन वर्षांसाठी आले होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पाकिटातून एक मेन्को काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. किटलीच्या पोटाचा बेडूक, नंबर आठ.

"हा शहर उद्ध्वस्त करतो," ते गंभीरपणे म्हणाले. "वाफेने."

मी तिथेच गेले कामातून. ते परत गेले ते तो बेडूक माझ्याकडे ठेवून, आणि मग चार वर्षं दर पत्रासोबत एक राक्षस येत राहिला. संच बेचाळिसांचा. माझ्याकडे एकेचाळीस झाले. एकतीस नंबर त्यांच्याकडेही नव्हता, त्यांच्या ओळखीच्या कुणाकडेच नव्हता. यादीत फक्त वर्णन होतं : पाठीवर दीपस्तंभ असलेला खेकडा.

आणि एक दिवस आमच्या लाइनवरचा गुरुनाथ मोंडकर माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, ह्येचे भाव आमच्या आतेकडे हत. वेंगुर्ल्याक."

"कुणाचे भाऊ?"

"ह्या राकसाचे. एका कुर्लेच्या पाठीर दीपस्तंभ हा."

मी डबा झाकला. भूक गेली होती.

*

"तुमचे बघू या का आधी?" मी द्वारकामावशींना म्हटलं.

त्या आत गेल्या आणि डालड्याचा जुना डबा घेऊन आल्या. गुरुनाथच्या या आत्या, माझ्या मावशी, तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. उंच, हाडकुळ्या, मनगटं पुरुषासारखी. घरात एकट्याच. वडील मालवाहू बोटीवर खलाशी होते, जपानची फेरी झाली की पोरीसाठी या पत्त्यांचं बंडल आणायचे. त्यावर अख्खी वाडी खेळायची. एवढं गुरुनाथने सांगितलं होतं. डब्याचं झाकण उघडल्यावर काय होणार आहे हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

वास आला. वास म्हणजे, मासळीबाजार बंद करून त्यात चाळीस वर्षं कुणी गेलं नाही तर येईल तसा.

आत साठेक पत्ते होते. सगळे तपकिरी, तुकतुकीत, चामड्यासारखे. राक्षस दिसत होते, पण चहात बुडवून काढल्यासारखे.

"मावशी, हे काय झालं यांना?"

"झाला काय? तेल पाजलंय."

"तेल?"

"मोरीचा. होडयेक पाजतत ना, लाकूड कुसू नये म्हणान? तसा. ह्यो हलको पुठ्ठो. पावसात फुगता, वाऱ्यान उडता. तेल प्यालो की जड होता. मगे कोणाच्या बापाशीक उलटाक गावना नाय."

जमवणाऱ्यांच्या जगात पत्त्याच्या कोपऱ्याला बोटाचा डाग पडला तरी लोक हळहळतात. हिने शार्कच्या यकृताचं तेल पाजलं होतं. मी कपाळाला हात लावला.

"तुझे बघू," त्या म्हणाल्या, आणि मी थांबवायच्या आत अल्बम उघडला. प्लॅस्टिकच्या पाकिटांवरून बोट फिरवत गेल्या. मग एका जागी थांबल्या. "ह्येची शिंगा खय गेली?"

पुण्याला दोन पत्ते कसरीने खाल्ले होते. मी तो विषय टाळत असे.

"माझ्या एकाक तरी कसर लागली हा?" द्वारकामावशींनी विचारलं.

एकालाही नव्हती.

*

एकतीस नंबर डब्याच्या तळाशी होता. काळसर खेकडा, पाठीवर दीपस्तंभ, दिव्याच्या जागी एक पिवळा डोळा. मागे दगडाची खूण. मी तो हातात घेतला तो खाली ठेवेना, आणि त्यावरून मावशींना जे कळायचं ते कळलं.

"मावशी, हा मला द्याल? तुम्ही म्हणाल ते."

"दिवचो नाय."

"बदल्यात यातले कुठलेही दहा घ्या."

"दिवचो नाय, घेवचो नाय. खेळून जिक."

"मला येत नाही खेळता."

"मगे शिक. गाडी कितक्याक तुझी?"

"पावणेचार."

"बक्कळ येळ हा." आणि त्या पडवीतल्या लादीवर पदर खोचून बसल्या.

*

त्या दिवशी मी हरलेले पत्ते, हरण्याच्या क्रमाने :

सतरा. ("घुबाड गेला.")

बावीस. ("ह्यो कोण? झुरळ? जाऊ दी, बरा झाला.")

पाच. (पहिल्याच फटक्यात. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.)

चाळीस. (मी ओरडले, "थांबा, मी तयार नव्हते!" त्या म्हणाल्या, "राकस तयार होतो.")

तेरा.

तोवर दीड वाजला होता. मधे भात आणि बांगड्याची कढी झाली होती. माझा खांदा दुखत होता. मी आपटलेला पत्ता दर वेळी त्यांच्या राक्षसावरच पडायचा आणि तो ढिम्म हलायचा नाही.

"हातान नको आपटू गो," त्या म्हणाल्या. "वाऱ्यान आपट."

"म्हणजे कसं?"

"तुझो राकस तेका लागूक नको. बाजूक पडाक होयो. तेच्याखाली वारो शिराक होयो. आणि बघ, खयचो कोपरो उचललेलो हा. सगळे राकस खय ना खय वाकडे आसतत."

मी पुन्हा आपटला. त्यांचा एक फुटकळ दोनडोक्या बदक चक्क उलटला.

"जिकलंस," त्या म्हणाल्या आणि तो माझ्याकडे सरकवला. मला इतका आनंद झाला की मी त्याचा वास घेतला. वाईट निर्णय. आणि पुढच्याच डावात तो बदक परत त्यांच्याकडे गेला.

*

मी पुढचा पत्ता काढायला अल्बमची पानं उलटत होते तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"ह्यो खय गावलो तुका?"

किटलीच्या पोटाचा बेडूक. आठ.

"हा माझा पहिला. निशिओ-सानांनी दिलेला."

"ह्यो माझो होतो."

"मावशी, एकसारखे हजारो छापलेले असतात."

"ठाव हा माका. येडी समाजतंस?" त्यांनी मनगट सोडलं. "बाबान पयल्या फेरयेक हाडलेलो. चुलतभावाक हरलंय. तेना बायत टाकल्यान, माका रडवूक." बाय म्हणजे विहीर, हे मला जरा उशिरा कळलं. "आठ लाव."

मला संधी दिसली. खरं सांगायचं तर, ती दिसल्याची मला लाजही वाटली नाही.

"लावते. पण तुम्ही एकतीस लावा."

इतका वेळ एकतीस त्यांनी खाली ठेवला नव्हता. त्या त्यानेच आपटत होत्या. आपटणारा पत्ता कधी जात नाही, मांडलेला जातो. मला हे सकाळीच लक्षात यायला हवं होतं.

त्यांनी खेकड्याकडे बघितलं. मग बेडकाकडे. मग पुन्हा खेकड्याकडे.

"खरो डाव," त्या म्हणाल्या, आणि एकतीस लादीवर ठेवला.

पहिला फटका त्यांचा, दुसऱ्या एका राक्षसाने. बेडूक उभा राहिला, क्षणभर विचार केला आणि पुन्हा पाठीवर पडला. उताणाच.

मग मी. मी ओणवी होऊन खेकडा चारी बाजूंनी पाहिला. दीपस्तंभाच्या बाजूचा कोपरा केसभर वर होता. चाळीस वर्षांत तेल प्यायलेला पुठ्ठाही वाकतो. मी श्वास घेतला, हात खांद्याच्या मागे नेला आणि त्या कोपऱ्याशेजारी, खेकड्याला न लावता, आयुष्यात पहिल्यांदा नीट आपटलं.

एकतीस नंबर उलटला.

दगडाची खूण वर आली. बाहेर कोंबडी काहीतरी उकरत होती.

"जिकलंस," द्वारकामावशी म्हणाल्या. मग लगेच, "उलटो डाव."

"म्हणजे?"

"हरल्याक तीन फटके. गेलेल्या राकसार."

घड्याळात तीन वीस. तिठ्यापर्यंत चालत पंधरा मिनिटं.

"मावशी, गाडी आहे माझी. पुढच्या वेळी नक्की."

"उलटो डाव खेळल्याबगर उठाचा नसता गो."

"मी येतेच ना परत. गुरुनाथला सांगते." मी बोलत होते आणि बोलता बोलता एकतीस नंबर प्लॅस्टिकच्या पाकिटात घालत होते. पाकिटाला आतून तेल लागलं. "मे महिन्यात येते. नाहीतर गणपतीनंतर. नक्की."

"बरा," त्या म्हणाल्या.

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

*

तिठ्यावर पोचले तेव्हा तीन चाळीस. मी फोन लावला. ओसाकात संध्याकाळचे सात-सव्वासात.

"सापडला!" मी म्हणाले. "जिंकला! एकतीस माझ्या हातात आहे!"

निशिओ-सान ओरडले. मग त्यांनी घरात बायकोला ओरडून सांगितलं. मग प्रश्नांची फैर. डोळा एक की दोन? दिवा लागलेला की विझलेला? मागे खूण कुठली? दगड? दगडच, मला वाटलंच होतं! आणि जिंकला म्हणजे? खेळून? खऱ्या डावात? मी सगळं सांगितलं, तेल, बेडूक, उचललेला कोपरा. ते इतके हसले की त्यांना खोकला आला.

"आणि परतीचा डाव?" त्यांनी विचारलं.

"गाडी होती. निघाले."

मागे बायको काहीतरी विचारत होती, तिला त्यांनी थांबवलं.

"जिंकून पळालात," ते म्हणाले. जपानीत त्याला एकच शब्द आहे आणि तो त्यांनी अगदी हळू उच्चारला. "आमच्या गल्लीत असं केलेल्या मुलाशी उन्हाळाभर कुणी खेळत नसे."

"निशिओ-सान, पण एकतीस मिळाला. बेचाळिसांतला शेवटचा!"

"हो. शेवटचा मिळाला. अभिनंदन."

कारखान्यात मोठ्या ग्राहकाचं करायचे तसं अभिनंदन. सगळे आदरार्थी प्रत्यय जागच्या जागी. इतक्या वर्षांत ते माझ्याशी एकदाही असे बोलले नव्हते.

गाडी आली. कंडक्टरने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मग नाक वर करून हवा हुंगली.

"पुणा, पुणा! येतंस मा गो?"

"नाय," मी म्हणाले.

*

मावशी मागच्या दारी बांगडे साफ करत होत्या. मला बघून त्यांनी कोयता खाली ठेवला नाही.

"गाडी चुकली?"

"सोडली."

"चाय करूया?"

"आधी उलटा डाव."

त्या उठल्या, हात राखेने घासले, दोनदा धुतले, पुसले. "माशाच्या हातान राकस घसारता," त्या म्हणाल्या. मोरीचं तेल मासा नसल्यासारखं.

मी एकतीस पाकिटातून काढून लादीवर ठेवला. राक्षस वर. तो ठेवताना कोपरा खाली जावा म्हणून मी अंगठ्याने हळूच दाबला. हे त्यांनी बघितलं. मी अंगठा काढून घेतला.

पहिला फटका. खेकडा इंचभर सरकला.

"तिच्याकडेच ऱ्हवाक बघतंस?," मावशी खेकड्याला म्हणाल्या.

दुसरा. दीपस्तंभाची बाजू उचलली गेली, सरळ उभी राहिली आणि जिथल्या तिथे परत बसली. माझ्या तोंडून "अरे!" निघालं. आनंदाचं की दुःखाचं, ते मी अजूनही ठरवलेलं नाही.

तिसऱ्या फटक्याआधी त्या खूप वेळ थांबल्या. हातातला पत्ता बदलला. डब्यातून तोच दोनडोक्या बदक काढला. पाय लांब केले, परत जवळ घेतले. कपाळावर घाम होता. इतका वेळ माझ्याशी खेळत होत्या ती ही बाई नव्हेच, असं मला वाटलं. मग हात खांद्यामागे गेला.

लादीने आवाज केला.

दगड वर.

त्यांनी खेकडा उचलला. पदराने पुसला, पुढून, मागून, परत पुढून. डब्यात ठेवला नाही. ब्लाउजमध्ये खोचला, लोक मोबाइल खोचतात तसा.

"आता आठ लाव," त्या म्हणाल्या.

मी लावला. गेला.

मग चहा झाला. मग दिवेलागणीपर्यंत आणखी दोन गेले, पण ते मी आपण होऊन लावले होते. मी एकेचाळीस घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी तेहतीस घेऊन पुण्याला गेले.

*

निशिओ-सानांना मी हरलेल्या आठांची यादी पाठवली. खाली लिहिलं : खेकडाही परत गेला, बदकाने. उत्तरात नवीन पत्ता नव्हता. फक्त एक ओळ होती : "बदकाबद्दल सविस्तर लिहा."

जानेवारी २०१४ मध्ये ते स्वतः आले. विमान, एसटी, रिक्षा, माडाची बाग. सोबत स्वतःचे बारा पत्ते आणि सुती हातमोजे. मावशींनी हातमोजे बघितले आणि विचारलं, "ह्येका काय गजकर्ण हा?" मी ते भाषांतर केलं नाही. निशिओ-सानांनी आपणच ते काढले.

ते दोन दिवस खेळले. दोघं एकाच वयाचे निघाले. मी मधे बसून "वारो शिराक होयो" चं जपानी करत होते. शेवटी निशिओ-सानांनी माझ्यामार्फत विचारलं, "एकतीस नंबर आमच्याकडे कुणालाच मिळाला नाही. तुम्हाला तो कसा मिळाला?"

मावशींनी दोन वाक्यांत सांगितलं. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते. पहिलं वाक्य मी जपानीत सांगितलं. दुसरं सांगायला मला वेळ लागला. निशिओ-सान मान खाली घालून ऐकत राहिले. मग त्यांनी आपटायला उचललेला पत्ता खाली ठेवला आणि म्हणाले, "यावर मी आपटणार नाही."

मी ते मावशींना सांगितलं.

"मगे हय कित्याक इलो तो?" मावशी भडकल्या. "आपट म्हणा तेका! खरो डाव हा!"

निशिओ-सानांनी आपटलं. एकतीस हलला नाही. त्यांचे बारापैकी चार गेले, आणि ते चारही कसे गेले ते ते परतीच्या एसटीत मला तीन वेळा सांगत होते.

एकतीस नंबर १९६९ च्या एप्रिलमध्ये टपालाने आला होता, वडिलांनी कोबेहून पाकिटात घालून पाठवलेला. मावशींच्या वडिलांची बोट बुडाल्याची तार त्याच्या नऊ दिवस आधी आली होती.